किनारा गेल्यानंतरची वाटचाल : इथिओपियाचे प्रकरण

भूगोल माणसाची समृद्धी कितपत ठरवतो, हा प्रश्न सहसा देशादेशांच्या तुलनेतून सोडवला जातो. किनारा असलेले देश पुढे गेले, भूवेष्टित देश मागे राहिले, थंड प्रदेशांत कारखाने उभे राहिले, उष्ण प्रदेशांत ते उशिरा आले, अशी वर्गवारी करून निष्कर्ष काढण्याची रीत जुनी आहे. तिच्यात एक अडचण कायमची आहे. दोन देशांत भूगोलाखेरीज इतिहास, राज्यव्यवस्था, शिक्षण, शेजारी असे इतके काही वेगळे असते की त्यात भूगोलाचा वाटा किती, हे नेमके वेगळे काढता येत नाही. एकाच देशाचा भूगोल अचानक बदलला तर काय होते, हे पाहता आले असते तर बरे झाले असते. पण डोंगर आणि समुद्र असे अचानक हलत नाहीत. इथिओपियाच्या बाबतीत मात्र जवळपास तसे घडले. मे १९९३ मध्ये एरिट्रिया स्वतंत्र झाला आणि तांबड्या समुद्रावरचा सगळा किनारा इथिओपियाच्या हातून गेला. त्यानंतर पाच वर्षे एरिट्रियातल्या असाब बंदराचा वापर कराराने चालू राहिला, पण मे १९९८ मध्ये दोन देशांत युद्ध पेटले आणि तोही रस्ता बंद झाला. पठाराची उंची, नद्यांच्या दऱ्या, पावसाचे महिने, राजधानीपासून समुद्रापर्यंतचे अंतर यांत तसूभरही फरक पडला नाही. बदलली ती नकाशावरची एक रेषा आणि ती ओलांडण्याची मुभा.

आज १२ कोटींहून अधिक लोकसंख्या असलेला इथिओपिया हा जगातला सर्वाधिक लोकसंख्येचा भूवेष्टित देश आहे. रूढ समजुतीप्रमाणे १९९८ नंतर त्याची आर्थिक पीछेहाट व्हायला हवी होती. प्रत्यक्षात २००४ पासून पुढची सुमारे पंधरा वर्षे त्याच्या अर्थव्यवस्थेची वाढ, अधिकृत आकडेवारीनुसार, वर्षाला सरासरी नऊ-दहा टक्क्यांच्या घरात होती. या आकड्यांबद्दल अर्थतज्ज्ञांनी शंका घेतल्या आहेत आणि त्या रास्तही आहेत. पण आकडा दोन-तीन टक्क्यांनी कमी धरला तरी वाढ वेगवान होती, हे नाकारता येत नाही. त्याच वेळी हेही खरे की, एवढी वाढ होऊनही दरडोई उत्पन्न हजार डॉलरच्या आसपासच घुटमळते आहे. हे प्रकरण तपासण्याजोगे आहे ते या दोन्ही गोष्टी एकाच देशात खऱ्या असल्यामुळे. माझे म्हणणे थोडक्यात असे : भूगोल आधी वाहतुकीचा खर्च ठरवतो, त्या खर्चावरून कोणता माल पिकवणे किंवा बनवणे परवडेल ते ठरते, आणि त्यापुढचा मोठा भाग शेजाऱ्यांशी असलेल्या संबंधांवर आणि सरकारच्या निर्णयांवर अवलंबून राहतो. समुद्र गेल्याची किंमत इथिओपियाने मोजली आहे, पण तिच्याहून मोठी किंमत हा देश स्वतःच्या अंतर्भागातील डोंगरांपायी शतकानुशतके मोजत आला होता.

पठाराने दिलेले आणि अडवलेले

इथिओपियाचे पठार हे आफ्रिकेतल्या इतर प्रदेशांपेक्षा अगदी वेगळे आहे. या खंडातील दोन हजार मीटरपेक्षा उंच भूभागापैकी बराच मोठा हिस्सा या एका देशात आहे. राजधानी अदिस अबाबा सुमारे २,३५० मीटर उंचीवर वसली आहे आणि उत्तरेकडचे रास दाशेन शिखर ४,५०० मीटरच्या पुढे जाते. तर ईशान्येकडच्या दानाकिल खोलगटात जमीन समुद्रसपाटीच्याही शंभर-सव्वाशे मीटर खाली आहे. या उंचीने माणसाला बरेच दिले. जून ते सप्टेंबर या महिन्यांत भरवशाचा पाऊस, नांगरटीला योग्य काळी-तांबडी माती, विषुववृत्ताजवळ असूनही सौम्य हवा, आणि दोन हजार मीटरच्या वर हिवतापाचा जवळजवळ अभाव. देशातले बहुसंख्य लोक डोंगरावर राहतात आणि सखल प्रदेश विरळ वस्तीचा आहे, याचे कारण हेच. टेफ हे बारीक दाण्याचे धान्य इथलेच, आणि अरेबिका कॉफीचे मूळही नैऋत्येकडच्या जंगलातले.

ज्या उंचीने शेती आणि वस्ती पोसली, तिनेच दळणवळण रोखले. पठार एकसंध नाही. नद्यांनी ते खोल चिरले आहे. अब्बाय, म्हणजे निळी नाईल, ताना सरोवरातून निघून पठाराला वळसा घालत जाते आणि वाटेत तिची दरी हजार मीटरहून अधिक खोल होते. अदिस अबाबाहून गोज्जामकडे जाणारा रस्ता गोहा त्सिऑन येथे दरीत उतरायला लागतो, वळणावळणांनी नदीपर्यंत जातो आणि पलीकडे देजेनला पुन्हा तेवढाच चढतो. सरळ रेषेत थोडेसे असलेले हे अंतर लादलेल्या ट्रकला अर्धा दिवस खायला लावते आणि ब्रेक-क्लचची झीज वेगळीच. या ठिकाणी २००८ मध्ये जपानच्या मदतीने नवा पूल बांधला गेला. पण पुलाने नदी ओलांडता येते, दरीची उतरण-चढण तशीच राहते. नद्या नाव चालवण्याच्याही कामाच्या नाहीत. एकट्या पश्चिमेकडच्या बारो नदीत पावसाळ्याच्या महिन्यांत आगबोटी येऊ शकत, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटिशांनी गांबेला येथे व्यापारी ठाणे मांडून नैऋत्येकडची कॉफी सुदानमार्गे बाहेर नेली. एवढा अपवाद सोडला तर माल वाहायचा तो गाढव, खेचर, उंट किंवा माणसाच्या पाठीवर. विसाव्या शतकापर्यंत पठारावर चाकाच्या गाडीचा वापर जवळजवळ नव्हता, आणि त्यात अज्ञानाचा भाग फार नसावा. अशा उतारावर गाडीपेक्षा खेचर स्वस्त पडते.

या खर्चाचा परिणाम किती खोलवर जातो, ते मिठाच्या विटांवरून दिसते. दानाकिलच्या खारट मैदानात कुऱ्हाडीने कापलेल्या मिठाच्या लांबट विटा, ज्यांना अमोले म्हणत, उंटांवरून कड्यापर्यंत आणि तिथून खेचरांवरून पठारावर जात. पठारावर त्या चलन म्हणून चालत आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत बाजारात स्वीकारल्या जात. खाणीजवळ वीट कवडीमोल. जसजसे नैऋत्येला काफाकडे जावे तसतशी तीच वीट अधिकाधिक मोलाची होत जाई. चलनाची किंमत अंतरागणिक बदलावी, हे आज विचित्र वाटेल. पण ज्या देशात दोन बाजारांच्या मधला घाट हाच सगळ्यांत मोठा खर्च असतो, तिथे हे सरळ हिशेबाला धरून आहे. धान्याचेही तसेच होते. एका प्रांतात पीक बुडाले आणि शेजारच्या प्रांतात उतरले तरी धान्य वेळेवर पोहोचत नसे, कारण चार-पाच दिवसांच्या वाटेत ओझ्याचे जनावर आपल्याच पाठीवरच्या धान्याचा मोठा वाटा खाऊन टाकी. १९८४-८५ च्या दुष्काळाला यादवी युद्ध आणि तेव्हाच्या राजवटीची धोरणे जबाबदार होती, यात शंका नाही. तरी बंदरात आलेले धान्य वोलो आणि तिग्रेच्या डोंगरी भागात पोहोचवताना ट्रक आणि रस्ते यांची जी टंचाई जाणवली, ती काही त्या राजवटीने निर्माण केलेली नव्हती.

रेल्वेने हलवलेले शहर

समुद्राशी नाते जोडण्याचा पहिला आधुनिक प्रयत्न सम्राट मेनेलिक दुसरा याच्या काळातला. १८९४ मध्ये त्याने आपला स्विस सल्लागार-अभियंता आल्फ्रेड इल्ग याला रेल्वेची सनद दिली. एरिट्रिया १८९० पासून इटलीची वसाहत होती आणि इटलीशी मेनेलिकचे वैर होते (१८९६ मध्ये अडवाच्या लढाईत त्याने तिचा पराभवही केला), त्यामुळे मार्ग निवडला गेला तो फ्रेंचांच्या ताब्यातल्या जिबूती बंदराचा. म्हणजे बंदराची पहिली निवडही भूगोलाइतकीच राजकारणाने केली.

१८९७ मध्ये जिबूतीहून काम सुरू झाले. त्या प्रदेशातले जुने व्यापारी शहर हरार. कॉफी, कातडी आणि हस्तिदंताची पेठ. उंची सुमारे १,९०० मीटर. मूळ बेत रूळ हरारपर्यंत नेण्याचा होता. पण डोंगराचा चढ मीटरगेजच्या वाफेच्या इंजिनाला आणि कंपनीच्या तिजोरीला झेपणारा नव्हता, म्हणून मार्ग डोंगराच्या पायथ्याने वळवला गेला आणि १,२०० मीटरच्या आसपास, जिथे फारसे काही नव्हते अशा जागी, १९०२ मध्ये दिरे दावा हे नवे स्थानक-शहर उभे राहिले. पुढच्या दशकांत व्यापार, गोदामे आणि परदेशी व्यापारी हळूहळू खाली उतरले. हरारचे धार्मिक महत्त्व टिकले, पण पेठ म्हणून ते मागे पडले. रेल्वेचे पैसे आणि राजकारण यांच्या भांडणात पुढचे काम रखडले, नवी कंपनी आली, आणि १९१७ मध्ये गाडी अदिस अबाबाला पोहोचली. दोन शहरांत अंतर पन्नास-पंचावन्न किलोमीटर, उंचीतला फरक सहा-सातशे मीटर. तेवढ्याने एका शहराची चलती दुसऱ्याकडे गेली. भूगोलाचा परिणाम मोजण्याजोगा कसा असतो, हे दाखवायला मला यापेक्षा स्वच्छ उदाहरण ठाऊक नाही. आणि तरीही लक्षात घ्यावे की हरार शेकडो वर्षे त्याच उंचीवर सुखाने व्यापार करत होते. रेल्वे येईपर्यंत उंची ही अडचण नव्हती. उंटाला आणि खेचराला ती चालत होती. तंत्र बदलले आणि त्याबरोबर त्याच डोंगराचा अर्थ बदलला.

असाब ते जिबूती

१९५२ मध्ये एरिट्रिया इथिओपियाशी संघराज्याच्या नात्याने जोडला गेला आणि १९६२ मध्ये तो थेट विलीन करण्यात आला. १९६१ मध्येच सुरू झालेल्या तीस वर्षांच्या युद्धाचा शेवट १९९१ मध्ये झाला आणि एप्रिल १९९३ च्या सार्वमताने स्वातंत्र्यावर जवळजवळ एकमुखी शिक्कामोर्तब केले. नव्या राज्यकर्त्यांमध्ये तेव्हा सख्य होते. असाब इथिओपियाला खुले राहील असे ठरले आणि पुढची काही वर्षे इथिओपियाचा बहुतांश परदेशी व्यापार त्याच बंदरातून चालू राहिला. किनारा गेला तरी बंदर वापरता येत होते, आणि व्यापाऱ्याच्या दृष्टीने १९९३ मध्ये विशेष काही बदलले नाही. हा तपशील महत्त्वाचा आहे, कारण 'किनारा गमावल्याने नुकसान झाले' असे सरसकट म्हटले की ही पाच वर्षे विसरली जातात.

१९९७ च्या अखेरीस एरिट्रियाने नाक्फा हे स्वतःचे चलन आणले, त्यावरून व्यवहाराच्या अटींचे वाद वाढले, आणि मे १९९८ मध्ये बादमे या सीमेवरच्या गावावरून युद्ध भडकले. इथिओपियाचा माल असाबकडून जिबूतीकडे वळवण्यात आला. दोन्ही बंदरे अदिस अबाबापासून रस्त्याने साधारण ८५० ते ९०० किलोमीटरवर. दोन्हींचे रस्ते त्याच अफार वाळवंटातून जाऊन तोच कडा चढणारे. त्यामुळे इथे एक दुर्मीळ गोष्ट हाती लागते : अंतर आणि चढ जवळपास सारखेच राहिले आणि तरीही व्यापाराच्या अटी बदलल्या. दोन दारांतले एक कायमचे बंद झाले की उरलेल्या दाराचा मालक भाव करतो. जिबूतीत गर्दी झाली, शुल्काच्या वाटाघाटींत इथिओपियाची बाजू लंगडी पडली, आणि बंदरातल्या प्रत्येक दिरंगाईला पर्याय उरला नाही. असाबचे तर सर्वस्वच गेले. त्या बंदराचे गिऱ्हाईक म्हणजे इथिओपिया. ते गेल्यावर धक्के रिकामे पडले. पुढे २०१५ पासून काही वर्षे संयुक्त अरब अमिरातीने येमेनच्या युद्धासाठी तिथे लष्करी तळ ठेवला, एवढाच काय तो त्याचा उपयोग झाला. खोल पाणी आणि जलमार्गाजवळची मोक्याची जागा असाबजवळ होती व आहे, पण पाठीमागचा प्रदेश तुटल्यावर त्यातून उत्पन्न निघेना.

जिबूतीची बाजूही समजून घेतली पाहिजे. सुमारे दहा लाख वस्तीचा, शेतीला पाणी नसलेला हा देश बाब-एल-मांदेब सामुद्रधुनीच्या तोंडाशी बसला आहे. अमेरिका, फ्रान्स, जपान, चीन यांचे लष्करी तळ आणि बंदर, हीच त्याची मुख्य मिळकत. आणि बंदरातला बहुतेक माल इथिओपियाचा. वीज २०११ पासून इथिओपियातून येते, पिण्याच्या पाण्याचा काही भाग इथिओपियातल्या भूजलातून नळाने येतो, भाजीपाला आणि फळे रेल्वे व ट्रकने. दरवाजा जिबूतीचा असला तरी येणारी-जाणारी माणसे इथिओपियाची, हे दोन्ही बाजूंना माहीत आहे. दोघांना गरज आहे म्हणून हे नाते गेली पंचवीसहून अधिक वर्षे मोडलेले नाही. भूवेष्टित देशाचा शेजारी गरजवंत असणे हे शेजारी प्रबळ असण्यापेक्षा बरे, असे मला वाटते. एरिट्रियाला इथिओपियाच्या मालाची तशी गरज वाटली नाही, किंवा वाटली तरी राजकीय भीती तिच्यावर मात करून गेली.

जुनी मीटरगेज रेल्वे तोपर्यंत मोडकळीला आली होती. तिच्या जागी चिनी कंपन्यांनी, मुख्यतः चिनी कर्जावर, सुमारे ७५० किलोमीटरची विद्युतीकृत स्टँडर्ड गेज रेल्वे बांधली. ऑक्टोबर २०१६ मध्ये तिचे उद्घाटन झाले आणि जानेवारी २०१८ पासून नियमित वाहतूक सुरू झाली. ट्रकला दोन-तीन दिवस लागत तिथे गाडी अर्ध्या-पाऊण दिवसात पोहोचू शकते. पण विजेचा खंडित पुरवठा, स्थानकापासून गोदामापर्यंतचा तुटलेला दुवा, आणि डॉलरमधल्या कर्जाचे हप्ते यांमुळे तिच्याकडून जेवढी अपेक्षा होती तेवढी वाहतूक तिने उचलली नाही. बहुतांश माल अजूनही ट्रकनेच वर चढतो.

कोणता माल चढ सोसतो

या प्रकरणातला मला सर्वांत बोधप्रद वाटणारा भाग वजनाचा आहे. इथिओपियाची आयात मूल्याने बरीच वर्षे निर्यातीच्या चार-पाच पट होती, आणि वजनाने ही तफावत आणखी मोठी. आत येतो तो गहू, खत, इंधन, पोलाद, यंत्रे. बाहेर जाते ती कॉफी, तीळ, कडधान्ये, फुले, थोडे कापड आणि मांस. परिणामी ट्रक समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटर वर भरून येतात आणि परत जाताना बरेचसे रिकामे उतरतात. रिकाम्या फेरीचे डिझेल, टायर आणि चालकाचा पगार वर आणलेल्या मालावरच चढतो. म्हणजे आयात महाग पडण्याचे एक कारण निर्यात तुटपुंजी असणे हे आहे, आणि निर्यात तुटपुंजी असण्याचे एक कारण आयात केलेला कच्चा माल महाग पडणे. समुद्र दूर असण्याचा खर्च नकाशावर पट्टी ठेवून मोजला तर हे चक्र दिसत नाही.

खताचे उदाहरण घेऊ. इथिओपिया आपले रासायनिक खत आयात करतो. मुख्य पेरणी जूनच्या पावसावर अवलंबून असल्याने ते त्याआधी गावागावातल्या सहकारी संस्थांपर्यंत पोहोचले पाहिजे. म्हणून कोरड्या महिन्यांत युरियाची मोठी जहाजे जिबूतीला येतात, सुटे खत धक्क्यावर पोत्यांत भरले जाते आणि हजारो ट्रक त्याच्या मागे लागतात. त्याच वेळी अन्नधान्याची मदत किंवा सरकारने विकत घेतलेला गहू बंदरात आला तर धक्के आणि ट्रक दोन्हींची ओढाताण होते. जहाज थांबून राहिले की त्याचा विलंब आकार डॉलरमध्ये द्यावा लागतो. खत दोन आठवडे उशिरा पोहोचले तर त्याची किंमत वाहतुकीच्या पावतीवर उमटत नाही. ती कापणीच्या वेळी दिसते.

कापड उद्योगात हीच अडचण दुपटीने येते. हवासा येथील औद्योगिक वसाहत २०१६ मध्ये सुरू झाली. हवा आल्हाददायक, मजुरी जगात अगदी खालच्या पातळीवरची, वीज जलविद्युत प्रकल्पांमुळे स्वस्त. पण बहुतांश कापड, बटणे, धागा जिबूतीहून हजारेक किलोमीटर वर यायचे आणि शिवलेले शर्ट तेवढेच खाली जायचे. मजुरीत वाचलेले पैसे वाटेत झिरपत. पैशापेक्षाही अडचण वेळेची होती, कारण तयार कपड्यांचा खरेदीदार हंगामाची तारीख चुकली की माल घेत नाही. तरीही ही वसाहत पडली ती अंतरामुळे नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये तिग्रे प्रांतात युद्ध सुरू झाले, अमेरिकेने जानेवारी २०२२ पासून इथिओपियाची शुल्कमुक्त प्रवेशाची सवलत काढून घेतली, आणि मोठे खरेदीदार निघून गेले. अंतराने या धंद्यातला नफा आधीच इतका पातळ केला होता की सवलत जाण्याचा धक्का त्याला सोसला नाही, एवढाच दोष भूगोलाकडे जातो.

याउलट गुलाब. २००० च्या सुमारास सुरू झालेला फुलांचा धंदा दशकभरात केनियाच्या खालोखाल आफ्रिकेत दुसऱ्या क्रमांकावर गेला. होलेता, सेबेता, झिवाय सरोवराचा परिसर; दीड ते अडीच हजार मीटर उंची. दिवसा विषुववृत्ताचे ऊन, रात्री गारवा, वर्षभर जवळपास बारा तासांचा दिवस, यामुळे दांडा लांब आणि कळी मोठी येते. संध्याकाळी छाटलेली फुले थंड गाड्यांतून अदिस अबाबाच्या बोले विमानतळावर जातात आणि लवकरच नेदरलँड्सच्या लिलावगृहात पोहोचतात. या मालाला समुद्राची गरजच नाही. किलोमागे किंमत एवढी आहे की विमानाचे भाडे परवडते, आणि जी उंची खताच्या ट्रकला नडते तीच गुलाबाचा दर्जा बनवते. त्यातही एक तिढा आहेच : सव्वादोन हजार मीटरहून उंचावरच्या विरळ हवेत भरलेल्या मोठ्या विमानाला उड्डाणाच्या वेळी वजन कमी ठेवावे लागते. बिशोफ्तूजवळ कमी उंचीवर नवा विमानतळ बांधण्याच्या योजनेमागे हेही एक कारण आहे.

विमानाचा आधार काही नवा नाही. इथिओपियन एअरलाइन्सची स्थापना डिसेंबर १९४५ मध्ये झाली, तेव्हा देशात पक्के रस्ते नगण्य होते, आणि सुरुवातीच्या डकोटा विमानांतून प्रवाशांबरोबर कॉफीची पोती आणि कातडी वाहिली जात. घाट ओलांडायला पाच दिवस लागत असतील तर विमान ही चैन राहत नाही. आज ती आफ्रिकेतली सर्वांत मोठी विमानकंपनी आहे. डोंगराने अडवलेल्या देशाला हवाई वाहतुकीची सवय इतरांआधी लागली, असे म्हणायला हरकत नाही. पण त्याच डोंगराळ भूगोलाच्या इतर देशांत अशी कंपनी उभी राहिली नाही, म्हणून श्रेयाचा मोठा भाग व्यवस्थापनाला आणि सात-आठ दशके तीन वेगवेगळ्या राजवटींनी तिच्या कारभारात फारशी ढवळाढवळ केली नाही याला दिला पाहिजे.

सिमेंटची गोष्ट आणखी निराळी. जड आणि स्वस्त माल समुद्रमार्गे आणून डोंगरावर चढवणे परवडत नाही, त्यामुळे अंतर हेच स्थानिक कारखान्याचे संरक्षण ठरते. चुनखडी देशात आहे. २०१० नंतरच्या पाच-सहा वर्षांत मोठे कारखाने उभे राहिले आणि सिमेंटची आयात जवळपास थांबली. मात्र भट्ट्यांसाठीचा कोळसा बरीच वर्षे परदेशातून जिबूतीमार्गेच येत राहिला, हेही नमूद केले पाहिजे.

वाढ आली कुठून

समुद्र गेल्यावर आलेल्या वाढीचे कारण कोणत्याही एका गोष्टीत सापडणार नाही. परदेशी मदत, कर्ज, सरकारी गुंतवणूक आणि चांगले पाऊसमान यांचा वाटा होताच. पण भूगोलाच्या दृष्टीने पाहिले तर मला सर्वांत वजनदार वाटते ते रस्त्यांचे काम. १९९७ मध्ये सुरू झालेल्या रस्ते विकास कार्यक्रमाच्या वेळी देशात सुमारे २६ हजार किलोमीटर रस्ते होते. २०१५ पर्यंत ही लांबी एक लाखाच्या पुढे गेली. त्यातले बरेच खडीचे, पण पावसाळ्यात चालणारे. यातला एकही रस्ता देशाला समुद्राच्या जवळ नेत नव्हता. त्यांनी एका प्रांताला दुसऱ्या प्रांताच्या जवळ नेले, आणि ज्या देशात बहुसंख्य लोक धान्य पिकवणारे आहेत तिथे याचा परिणाम निर्यातीपेक्षा मोठा होतो. तालुक्याच्या बाजारापर्यंत ट्रक येऊ लागला की खत स्वस्त होते, धान्याला भाव मिळतो आणि आजारी माणूस दवाखान्यात वेळेवर पोहोचतो. एप्रिल २०११ मध्ये सुरू होऊन सप्टेंबर २०२५ मध्ये उद्घाटन झालेला अब्बायवरचा ५,१५० मेगावॉट क्षमतेचा महाधरण प्रकल्प याच विचाराचा पुढचा टप्पा म्हणता येईल. जी दरी हजारो वर्षे केवळ अडथळा होती, तिच्या उताराची वीज होते आणि ती तारेवरून जाते, तिला घाट चढावा लागत नाही. इजिप्त आणि सुदान यांच्याशी पाण्यावरून निर्माण झालेला तंटा हा या प्रकल्पाचा न चुकवता येणारा खर्च आहे, आणि तो अजून मिटलेला नाही.

असे असूनही ऑक्टोबर २०२३ मध्ये पंतप्रधान अबी अहमद यांनी तांबड्या समुद्रापर्यंत पोहोचणे हा देशाच्या अस्तित्वाचा प्रश्न असल्याचे जाहीरपणे मांडले आणि जानेवारी २०२४ मध्ये, सोमालियापासून स्वतःला स्वतंत्र म्हणवणाऱ्या सोमालीलँडशी किनारपट्टीच्या वापराबाबत सामंजस्य करार केला. सोमालियाने त्याला कडाडून विरोध केला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अंकारा येथे तुर्कस्तानच्या मध्यस्थीने इथिओपिया आणि सोमालिया यांनी तडजोडीची भाषा स्वीकारली. बारा कोटींच्या देशाने एकाच बंदरावर विसंबून राहणे धोक्याचे आहे, ही तक्रार मला पूर्णपणे रास्त वाटते. २०२३ च्या अखेरपासून तांबड्या समुद्रातल्या जहाजांवर झालेल्या हल्ल्यांनी ती अधिकच खरी ठरवली. पण किनाऱ्याची मालकी हा त्यावरचा उपाय आहे, हे या प्रकरणातून सिद्ध होत नाही. १९९३ ते १९९८ या काळात मालकी नसताना व्यापार सुरळीत चालला होता. जुलै २०१८ मध्ये एरिट्रियाशी तह झाला, असाबचा रस्ता काही महिने उघडला आणि पुन्हा बंद झाला. त्या थोडक्या काळात अडचण असाबच्या धक्क्यांची नव्हती, दोन सरकारांनी सीमाशुल्क, चलन आणि ये-जा यांचे नियम लिहून ठेवले नव्हते ही होती.

पर्यायी बंदराची संधी मिळून ती कशी गेली, ते बर्बेराच्या बाबतीत दिसते. सोमालीलँडमधले हे बंदर दुबईच्या डीपी वर्ल्ड या बंदरे चालवणाऱ्या कंपनीने २०१६ पासून विकसित करायला घेतले. मार्च २०१८ मध्ये इथिओपियाला त्यात १९ टक्के भागीदारी देण्याचे ठरले आणि २०२१ मध्ये नवे कंटेनर टर्मिनल सुरू झाले. इथिओपियाकडून ठरलेल्या अटी मुदतीत पुऱ्या झाल्या नाहीत म्हणून ती भागीदारी संपल्याचे २०२२ मध्ये सोमालीलँडने जाहीर केले. बर्बेराचा रस्ता जिबूतीपेक्षा जवळचा नाही आणि चढ तोच आहे, त्यामुळे त्या बंदराने ट्रकचे भाडे फारसे उतरले नसते. मात्र जिबूतीशी शुल्काची बोलणी करताना दुसरे बंदर हाताशी आहे, एवढे तरी इथिओपियाला सांगता आले असते.